गाळणीतून काय खाली उतरतं?

आजचा विषय आहे गाळणी. चहाची नाही, प्रयोगशाळेतली. पण सुरुवात मिरचीपासून करते, कारण ही सगळी गोष्ट मला मिरचीमुळे कळली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाने लाल तिखटाचं काम वाढवायचं ठरवलं. बँकेचं कर्ज घेतलं, मिरची घेतली, वाळत घातली आणि नेमका अवकाळी पाऊस आला. धावपळ करून ताडपत्र्या टाकल्या तरी खालची मिरची भिजलीच. पुन्हा वाळवली. वरून लाल दिसत होती, पण काही मिरच्या फोडल्या तर आत काळपट बुरशी. देठं काढली, डंकावर नेऊन कुटली. ८० किलो तिखट तयार झालं.

व्यापारी म्हणाला, अफ्लाटॉक्सिनचा रिपोर्ट लागेल. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष. नमुना पाठवायचा म्हटल्यावर आम्ही काय केलं, ते आज उघडपणे सांगते. राहिलेल्या मिरचीतली लालभडक, कडक मिरची एकेक करून निवडली, ती वेगळी कुटली आणि तीच पिशवीत भरून पाठवली. फसवायचं मनात नव्हतं. पाहुण्यांपुढे आपण चांगली ताटली ठेवतो ना, तसंच वाटलं. रिपोर्ट छान आला. माल गेला. मग व्यापाऱ्याने पोत्यांतून स्वतः नमुना काढून तपासला आणि विष मर्यादेच्या वर निघालं. सगळं तिखट परत आलं. ते विकता येईना, घरी वापरता येईना. शेवटी खड्डा खणून पुरलं. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

त्यानंतर आम्ही पाचजणी प्रयोगशाळा बघायला गेलो. यंत्र कसं तपासतं ते बघायचं होतं. तिथे एक मुलगी नमुना तयार करत होती. तिने तिखट द्रावणात घुसळलं आणि गाळलं. पातळ केलं, पुन्हा गाळलं. शेवटी इंजेक्शनच्या पिचकारीला रुपयाएवढी चपटी पांढरी चकती लावली, त्यातून तिसऱ्यांदा गाळलं आणि थेंब थेंब बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत घेतले.

आमच्यातल्या काकूंनी लगेच विचारलं, "अगं पोरी, तीन तीनदा गाळतेस, मग विष वरच नाही का राहणार? यंत्राला सापडणार काय?"

ती म्हणाली, "काकू, मिठाचं पाणी फडक्यातून गाळून बघा. खारटच लागेल."

हे एवढं उत्तर समजायला जगाला पुष्कळ वर्षं लागली आहेत. ती हकिगत आज सांगते.

आपल्याकडच्या जुन्या बायकांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब, दोऱ्यासारखा किडा निघायचा. माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. नारूची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात असायची आणि पायविहिरीच्या पाण्यातून आपल्या पोटात जायची. देशात १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पायविहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले आणि घरोघरी सांगितलं की पाणी दुहेरी कापडातून गाळा. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. या कामात हंड्यावर फडकं बांधणाऱ्या बायकांचा मोठा वाटा आहे.

तिथे कापड चाललं, कारण पाण्यातल्या त्या किड्याला अंग होतं. कापडाच्या छिद्रापेक्षा तो मोठा होता. जे विरघळलेलं असतं त्याला असं अडवता येत नाही. मीठ, साखर, पाण्यातलं फ्लोराइड हे कापडातून, कागदातून सरळ खाली उतरतं. म्हणून दिसायला नितळ असलेलं पाणी चांगलंच असेल असं नाही. आणि म्हणूनच प्रयोगशाळेत गाळून विष निघून जात नाही. तिथे गाळतात तो चोथा अडवायला. विरघळलेलं विष खाली उतरावं आणि यंत्रापर्यंत पोचावं, हाच हेतू असतो.

आता ते यंत्र कुठून आलं ते बघू.

मिखाईल त्स्वेत नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वडील रशियन, आई इटालियन. त्यांच्या आडनावाचा रशियन भाषेतला अर्थच 'रंग' असा आहे. ते वॉर्सा शहरात काम करायचे. झाडाच्या पानात हिरवा रंग एकच आहे की अनेक, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी काचेच्या बारीक नळीत खडूची भुकटी ठासून भरली. वरून पानांचा अर्क ओतला आणि मागून शुद्ध द्रावण सोडत राहिले. अर्क खाली उतरता उतरता वेगवेगळा झाला. नळीत हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे पट्टे एकाखाली एक उभे राहिले. १९०३ साली त्यांनी ही पद्धत वॉर्सातल्या सभेत मांडली आणि १९०६ मध्ये तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. क्रोमॅटोग्राफी म्हणजे रंगाचं लिहिणं.

हे कसं होतं, ते जत्रेवरून समजून घ्या. एका टेम्पोतून दहाजणी जत्रेला उतरल्या आणि बाजाराच्या एकाच गल्लीत शिरल्या. एक बांगड्यांच्या प्रत्येक दुकानापाशी थांबते, एक खेळण्यांपाशी, एकीला घरी जायची घाई आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्या एकदम पोचणार नाहीत, एकेक करून पोचतील. नळीतली भुकटी ही बाजाराची गल्ली. ज्या पदार्थाचा भुकटीशी लळा जास्त, तो उशिरा बाहेर येतो. कोण किती वेळाने बाहेर आलं यावरून ते कोण आहे हे ओळखायचं.

त्स्वेत १९१९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी ही पद्धत फारशी मनावर घेतली नाही. १९३१ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी याच पद्धतीने गाजरातले आणि अंड्याच्या बलकातले पिवळे-केशरी रंग वेगळे करून दाखवले, तेव्हा तिच्याकडे लक्ष गेलं.

पुढचं पाऊल इंग्लंडमधल्या लीड्स गावी पडलं, तेही लोकरीच्या संशोधन संस्थेत. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघे मेंढीच्या लोकरीतली प्रथिनं कशाची बनली आहेत ते शोधत होते. १९४१ च्या लेखात त्यांनी एक गोष्ट लिहून ठेवली. नळीतले कण अगदी बारीक केले आणि द्रावण जोराच्या दाबाने ढकललं, तर पदार्थ आणखी चांगले वेगळे होतील. १९५२ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं, पण हे वाक्य खरं करून दाखवायला पंचवीस वर्षं गेली. कारण साधं आहे. जाड वाळूतून पाणी भराभर जातं. तेच पाणी घट्ट दाबलेल्या मैद्यातून घालवून बघा.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात चाबा होरवाथ या हंगेरीहून आलेल्या शास्त्रज्ञांनी जोरदार पंप लावून हे जमवलं. काचेच्या नळीच्या जागी पोलादी नळी आली. या यंत्राला आज सगळे एचपीएलसी म्हणतात. त्यातला दाब गाडीच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट, कधी त्याहून जास्त असतो. नळी वीतभर लांब आणि आतून पेन्सिलीपेक्षाही बारीक. तिच्यातले कण दशकागणिक लहान होत गेले. आधी १० मायक्रॉन, मग ५, मग ३, आणि २००४ पासून २ मायक्रॉनपेक्षाही लहान. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

कण बारीक झाले आणि गाळण्याचं महत्त्व वाढलं. नळीतली भुकटी वाहून जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना धातूची जाळीदार चकती असते. ५ मायक्रॉनच्या भुकटीला साधारण २ मायक्रॉन छिद्रांची जाळी लागते. नमुन्यात डोळ्यांना न दिसणारा गाळ असला तरी तो या जाळीवर बसतो. पहिल्या नमुन्यात कळत नाही, दहाव्यातही कळत नाही. मग दाब चढू लागतो. कागदावर उमटणारे टोकदार उंचवटे बसके होतात, दोन पदार्थ एकमेकांत मिसळून दिसतात. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं आणि आपल्याला ते झाड सुकल्यावर कळतं, तसंच. नळी पुरती तुंबली तर कित्येक हजारांचा फटका. पण त्याहून वाईट म्हणजे तुंबत आलेल्या नळीचा चुकीचा आकडा कुणाच्या तरी रिपोर्टवर जातो.

मग इतकी बारीक गाळणी कुठून आणायची? ती आधीच तयार होती, वेगळ्याच कामासाठी. जर्मनीतल्या गॉटिंगन इथे रिचर्ड झिगमाँडी हे अतिसूक्ष्म कणांचा अभ्यास करायचे. त्यांनी विल्हेल्म बाखमान यांच्यासोबत १९१८ मध्ये सेल्युलोजपासून पातळ पापुद्रा तयार केला. त्यात सारखी, अतिशय बारीक छिद्रं होती. झिगमाँडींना त्यांच्या कामासाठी १९२५ चं नोबेल मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या शहरांवर बॉम्ब पडले, पाण्याचे नळ फुटले, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळायची भीती होती. पाणी पिण्याजोगं आहे का, हे लवकर कळायला हवं होतं. हॅम्बुर्गच्या आरोग्य संस्थेत डॉक्टर गेरट्रूड म्युलर नावाच्या बाई काम करत होत्या. त्यांनी हा पापुद्रा वापरला. पाणी त्यातून ओढायचं, जंतू पापुद्र्यावर अडकतात, मग तोच पापुद्रा जंतूंच्या खाद्यावर ठेवायचा. जंतू असतील तर त्यांचे ठिपके उगवतात आणि ते मोजता येतात. युद्धानंतर ही विद्या अमेरिकेत गेली. तिथे १९५४ मध्ये हे पापुद्रे बनवणारी मिलिपोर कंपनी उभी राहिली. पिण्याच्या पाण्याचे जंतू मोजायला आजही जगभर ही पद्धत चालते.

तोच पापुद्रा पुढे प्लॅस्टिकच्या चकतीत बसवला गेला आणि पिचकारीच्या टोकाला लागला. आम्ही प्रयोगशाळेत बघितली ती हीच चकती. छिद्रं ०.४५ मायक्रॉनची, आणि फार बारीक भुकटीच्या नळीसाठी ०.२ मायक्रॉनची. फरक इतकाच की डॉक्टर म्युलरना वर अडकलेलं हवं होतं आणि एचपीएलसीवाल्यांना खाली उतरलेलं हवं असतं.

आता पुन्हा आपल्या विषाकडे येते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या. कारण सापडेना. शेवटी शोध लागला की त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या शास्त्रीय नावावरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे विष वेगळं काढलं ते क्रोमॅटोग्राफीनेच. अर्क वेगळा करून त्यावर अतिनील प्रकाश टाकला, तर काही ठिपके निळे चमकले, काही हिरवे. इंग्रजीतल्या निळ्या आणि हिरव्या या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून त्यांना बी आणि जी ही नावं मिळाली. आजचं यंत्रही तीच चमक मोजतं.

कोंबड्यांवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. १९७४ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. दुसरं धान्य नव्हतं, म्हणून गरीब आदिवासी कुटुंबांनी बुरशी आलेला मका खाल्ला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. नोंदवलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. आमच्या भिजलेल्या मिरचीची आठवण झाली की मला ही गावं आठवतात. हे विष रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. शिजवून, तळून, भाजून ते पुरतं जात नाही.

मसाल्यांमध्ये आपल्याकडे एका किलोला एकूण ३० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन ही कायद्याची मर्यादा आहे, युरोपात १०. ३० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा टन मिरची भरलेल्या ट्रकमध्ये सगळं मिळून एक ग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. इतकं कमी विष मोजायचं तर नमुना किती जपून हाताळायला लागत असेल बघा.

त्या मुलीने आम्हाला क्रम समजावून सांगितला. आधी तिखट वजन करून पाणी आणि मिथेनॉलमध्ये घुसळायचं, म्हणजे विष द्रावणात उतरतं. मग घड्या घातलेल्या जाड गाळण कागदातून चोथा वेगळा. मग पातळ करून काचेच्या तंतूंच्या कागदातून बारीक गाळ वेगळा. मग ते द्रावण एका छोट्या नळीतून सोडायचं, जिच्यात अफ्लाटॉक्सिनलाच धरून ठेवणारी प्रथिनं असतात. तिखटाचा रंग आणि इतर पदार्थ धुऊन जातात, धरलेलं विष शुद्ध मिथेनॉलने सोडवून घ्यायचं. शेवटी पिचकारीच्या चकतीतून गाळून बाटलीत. यंत्र त्यातला जेमतेम थेंबभर उचलतं.

मी बघितलं की चकतीतून आलेले पहिले काही थेंब तिने टाकून दिले. विचारलं तर म्हणाली, "ताई, कोरडी चकती पहिल्या थेंबांतलं थोडं विष स्वतःच पिते. कधी चकतीचंच काहीतरी द्रावणात उतरतं." मग चकतीवर भरवसा कसा ठेवायचा? विषाचं माहीत असलेलं प्रमाण घेऊन द्रावण करायचं. एकदा न गाळता आणि एकदा गाळून यंत्रावर लावायचं. दोन्ही आकडे जुळले तर ती चकती चालते, नाहीतर दुसऱ्या पापुद्र्याची घ्यायची. नायलॉनची, टेफ्लॉनची, सेल्युलोजची, अशा वेगवेगळ्या मिळतात. गाळणीने गाळ अडवावा, मोजायचं आहे त्यात भर घालू नये आणि त्यातून काही काढूनही घेऊ नये.

हे ऐकताना आम्ही पाचजणी एकमेकींकडे बघत होतो. कारण प्रयोगशाळेच्या आधी आम्हीच एकदा नमुना गाळला होता. बुरशीची मिरची बाजूला काढून लालभडक तेवढी पुढे केली होती. ती मुलगी पहिले चार थेंब टाकत होती ते आकडा खरा यावा म्हणून. आम्ही निवडली होती ती आकडा चांगला यावा म्हणून. त्या प्रयोगशाळेने आम्हाला खोटं काही सांगितलं नव्हतं. तिने आमच्या पिशवीतलं बरोबर सांगितलं होतं. पोत्यांतलं तिला आम्ही विचारलंच नव्हतं.

आणि बुरशीचं विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. शंभर मिरच्या चांगल्या असतात आणि एकीत ठासून भरलेलं असतं. म्हणून कोणतीही मूठ उचलून चालत नाही.

तेव्हापासून आमचा गट असं करतो. मिरची मातीवर वाळवायची नाही, ताडपत्रीवर किंवा जाळीवर. हातात घेतल्यावर खुळखुळ वाजली पाहिजे, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. बुरशीची, फुटलेली मिरची कुटायच्या आधी संपूर्ण मालातून काढायची. म्हणजे निवडणं आम्ही सोडलेलं नाही. आता ते मालासाठी करतो, नमुन्यासाठी नाही. नमुना काढताना प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून घ्यायचं. सगळं एकत्र कुटून, कालवून ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. पुन्हा कालवायचं, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. मग कोरड्या, स्वच्छ पिशवीत बंद करून तारीख आणि पोत्यांचा आकडा लिहायचा.

मागच्या वर्षी असाच नमुना पाठवला. रिपोर्ट मर्यादेच्या आत आला, पण पहिल्या वेळेसारखा झकास नव्हता. काकूंनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "हा आपला आहे." माल गेला आणि परत आला नाही. कर्जाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत.

तुमच्या गटात शेंगदाणा चटणी, मसाला, हळद, मक्याचं पीठ असं काही होत असेल तर येत्या बैठकीत नमुना कोण काढतं आणि कसा काढतं, एवढं विचारा. आणि जमलं तर एकदा प्रयोगशाळा बघून या.